परक्या विद्यापीठात प्रवेश करताना

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली तेथे गेले होते. सेनार, नेसफील्ड, रिझले आणि ज्ञानकोशकार केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी प्रथम मांडल्या, एकेक तपासली आणि मग जातीतल्या जातीत विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म होय, असे आपले मत सांगितले.

विद्यार्थी मित्रांनो, सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासाची रीत या एका प्रसंगात दिसते. इतरांचे म्हणणे समजून घेणे, ते पारखणे आणि पुराव्यानिशी आपले मत मांडणे, या तिच्या तीन पायऱ्या होत.

परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत अपरिचित असू शकते. इंग्लंडमध्ये विद्यापीठापूर्वीचे शिक्षण साधारणपणे तेरा वर्षांचे असते. त्यामुळे बारा वर्षांचे शालेय शिक्षण घेतलेल्या काही विद्यार्थ्यांना पदवीपूर्वी एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात विषयाच्या ओळखीबरोबर वाचन, लेखन आणि चर्चा यांचा सराव करून घेतला जातो.

पहिली अडचण भाषेची. आयईएलटीएससारख्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे ही कौशल्ये तपासली जातात. परंतु शास्त्राची परिभाषा त्यापुढची असते. शाळेत ‘वर्ग’ म्हणजे बसण्याची खोली. समाजशास्त्रात मात्र आर्थिक स्थानावरून ठरणारा समूह. ओळखीचा शब्द नव्या अर्थाने आला, की अधिक सावध राहावे.

दुसरी अडचण उत्तराची. ‘शिक्षणामुळे विषमता कमी होते का?’ या प्रश्नाला पाठ करण्याजोगे उत्तर नाही. विषमता कोणती, उत्पन्नाची की प्रतिष्ठेची? शिक्षण कोणाला मिळते आणि कोणत्या दर्जाचे? आपल्या मताविरुद्ध कोणता पुरावा आहे? असे उपप्रश्न पाडल्यावरच निबंधाची दिशा सापडते.

तिसरी अडचण मौनाची. शिक्षकांसमोर गप्प राहणे हा जिथे आदर मानला जातो, तेथून आलेला विद्यार्थी चर्चासत्रात बोलत नाही. त्याच्या मौनाचा अर्थ इतर जण ‘याची तयारी नाही’ असा लावतात. वास्तविक त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. म्हणून वाचन करतानाच एक शंका व एक मत वहीत लिहून ठेवावे. लिहिलेले वाक्य हाताशी असले, की तोंड उघडणे सोपे जाते.

सर्वांत गंभीर बाब उसन्या वाक्यांची. पुस्तकातील उतारा जसाच्या तसा लिहिल्यास काही शाळांत शाबासकी मिळते. विद्यापीठात मात्र लेखकाचा उल्लेख न करता तो उतरवणे हे वाङ्मयचौर्य ठरते आणि त्यासाठी गुण कापण्यापासून प्रवेश रद्द होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. हेतू चोरीचा नव्हता, असे नंतर सांगून भागत नाही. टिपण काढतानाच लेखकाचे नाव, ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ नोंदवण्याची सवय हाच यावरचा उपाय.

मात्र तयारी म्हणजे आपले सारे मागे टाकणे नव्हे. आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या चर्चासत्रात मांडला तो आपल्याच समाजाचा प्रश्न होता. अभ्यासाची रीत त्यांनी तिथली आत्मसात केली. प्रश्न मात्र घरून नेला.

विचार करा : तुमच्या गावातील कोणता प्रश्न तुम्ही अशा चर्चासत्रात मांडाल? त्यासाठी कोणते पुरावे गोळा कराल?