यकृताच्या अभ्यासक शीला शेरलॉक

यकृत हें पोटांतील सर्वांत मोठें इंद्रिय. अन्नरसाची सांठवण, पित्ताची उत्पत्ति, विषारी द्रव्यांचा निरास अशीं नाना कामें तें निमूटपणें करीत असतें. आणि बरगड्यांआड दडलेलें असल्यामुळें त्याचें दुखणेंही पुष्कळदां उशिरा कळतें. कावीळ ही त्याची ओळखीची खूण खरी. पण ती फसवी आहे. पित्तनलिकेंत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात, यकृताच्या पेशींस सूज आली तरीही होतात. पहिल्या विकारांत शस्त्रक्रिया तारते. दुसऱ्यांत तीच जिवावर बेतूं शकते. तेव्हां निदान चुकणें म्हणजे रोग्याच्या प्राणाशींच खेळ.

हा पेंच सोडविण्यांत ज्यांनीं आयुष्य वेचलें, त्यांत शीला शेरलॉक यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा जन्म १९१८ सालीं डब्लिन येथें झाला. त्या काळीं वैद्यकीय विद्यालयें मुलींस प्रवेश देण्यास फारशीं राजी नसत. अनेक ठिकाणीं नकार मिळाल्यावर एडिंबरोचें दार उघडलें, आणि १९४१ सालीं त्या वर्गांत पहिल्या येऊन पदवीधर झाल्या. पुढील वर्षीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत जॉन मॅकमायकेल यांच्या हाताखालीं त्यांचें संशोधन सुरू झालें.

तो युद्धकाळ होता व सैनिकांत काविळीचा उपद्रव होता. कोपनहेगनच्या वैद्यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धति येथें उपयोगी पडली. बरगड्यांमधून पोकळ सुई घालून यकृताचा धाग्याएवढा तुकडा काढावयाचा व तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा, अशी ती रीति. रक्तस्रावाचें भय होतेंच. परंतु शवविच्छेदनाची वाट न पाहतां, रोग ऐन भरांत असतांनाच यकृत पाहतां येऊं लागलें. सांथीची कावीळ पित्तनलिकेंत कफाचा बूच बसल्यानें होते, असा जुना समज होता. विकार यकृताच्या पेशींतच आहे, हें या तपासणीनें दाखविलें. १९४५ सालचा शेरलॉक यांचा एम्. डी. चा प्रबंध याच विषयावर आहे.

१९५५ सालीं यकृत व पित्तमार्ग यांच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ निघाला; तो पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातीं राहिला. १९५९ सालीं लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या विद्यालयांत त्या प्राध्यापिका झाल्या. ब्रिटनमध्यें वैद्यकशास्त्राचें हें पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९६५ सालीं डेबोरा डोनिॲक प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं एका दीर्घकालीन यकृतविकाराची खूण रक्तांत सांपडते, असें दाखविलें. त्यामुळें अनेकांचें पोट उगाच फाडण्याचा प्रसंग टळला. १९८३ सालीं त्या निवृत्त झाल्या. २००१ सालीं त्यांचें निधन झालें.

रुग्णशय्या, प्रयोगशाळा आणि अध्यापन या तिन्ही ठिकाणीं एकच माणूस वावरला, हें या चरित्राचें मर्म होय. रोग्यानें प्रश्न विचारावा, सूक्ष्मदर्शकानें उत्तर द्यावें आणि विद्यार्थ्यानें तें दूरदेशीं न्यावें, असा हा क्रम. देशोदेशींचे वैद्य त्यांच्याकडे शिकून परतले. आज ध्वनिलहरींनीं व रक्ततपासणीनें बरेंच कळतें, त्यामुळें सुईचें काम कमी झालें आहे. परंतु पिवळ्या डोळ्यांचा रोगी समोर आला कीं वैद्याला पहिला प्रश्न अद्याप तोच पडतो: अडथळा नलिकेंत आहे, कीं आजार पेशींत?