रसद तोडायची चाल

स्टॅलिनग्राडच्या वायव्येला, डॉन नदीच्या काठाने रुमानियन तुकड्यांची लांबलचक, विरळ फळी पसरलेली आहे. तिच्यासमोर माझे सोव्हिएत रणगाडे. 'युनिटी ऑफ कमांड' या २०११ च्या संगणकीय युद्धखेळातली नोव्हेंबर १९४२ ची ही मोहीम मी पुन्हा पुन्हा खेळतो. नवख्या माणसाला युद्धाचं गणित इतक्या सरळ उलगडून दाखवणारा दुसरा खेळ मला सापडलेला नाही.

नकाशा षटकोनी घरांचा, एका घरात एकच तुकडी. आधी आपली पाळी, मग संगणकाची. घाई कसलीच नाही. शत्रूवर माउस नेला की हल्ल्यात दोन्हीकडचं किती नुकसान होईल त्याचा अंदाज दिसतो. पुठ्ठ्याच्या सोंगट्यांच्या जुन्या युद्धखेळांत एवढ्यासाठी तक्ते धुंडाळावे लागत. १९९४ च्या 'पॅन्झर जनरल'ने ती कटकट संगणकावर सोपवली. 'युनिटी ऑफ कमांड'ने मात्र सगळा खेळ रसदीभोवती उभा केला, आणि हेच मला फार मोलाचं वाटतं.

रसद लोहमार्गाने येते, रुळांपासून ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचते. म्हणून मी आधी पायदळाने धडक देतो. एक रुमानियन तुकडी मागे हटते, एक घर मोकळं होतं. शेजारची खिळखिळी तुकडीही संपवून टाकावी असा मोह होतो, पण तिथे गुंतायचं नाही. फट पडली की रणगाडे आत घुसवायचे, थेट आग्नेयेला, कलाच गावाच्या रोखाने. शत्रूला खेटून जाताना चाल लवकर संपते. त्यामुळे आधी कोणाला हलवायचं यावर सगळं अवलंबून. त्या एका क्रमावर माझा अर्धा तास सहज जातो, आणि तोच वेळ सगळ्यात रंगतदार.

स्टॅलिनग्राडमधल्या जर्मन सहाव्या सैन्याशी समोरून भिडलं तर आपलीच हानी जास्त. त्याच्या मागचे रूळ तोडले की मात्र पाळीगणिक त्याच तुकड्या दुबळ्या होत जातात. प्रत्यक्षात सोव्हिएत सैन्याने १९ नोव्हेंबरला उत्तरेकडून आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून हल्ला चढवला. २३ तारखेला दोन्ही फौजा कलाचजवळ एकमेकींना मिळाल्या. वेढ्यात अडकलेल्या अडीच लाखांहून अधिक सैनिकांची उपासमार आणि थंडी पडद्यावर दिसत नाही, हे खेळताना मी स्वतःला विसरू देत नाही.

खेळात पाळ्या मोजक्याच. रणगाडे फार पुढे गेले तर त्यांचीही रसद तुटते, आणि मग वेढा पुरा करायला हाताशी उरतं ते मागून चालत येणारं पायदळ.