गलबत सोन्यात की शिशात?

जुन्या डच गलबतांची सोन्याची स्मृतिनाणी संग्राहकांच्या परिचयाची आहेत. आरशासारखी तुळतुळीत जमीन, त्यावर उठावातलं गलबत, वाऱ्यानं टम्म फुगलेली शिडं. दिसायला देखणीच, पण ज्याचं स्मरण करायचं ते अशा नाण्यात कितपत उरतं? ‘बाताव्हिया’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं गलबत 1629 मध्ये पहिल्याच सफरीत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या खडकांवर फुटलं आणि वाचलेल्यांपैकी शंभराहून अधिक जणांना त्यांच्यातल्याच बंडखोरांनी ठार मारलं. सोन्यात फक्त शिडं येतात. याच कंपनीनं 1637 च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली होती. तिच्या भिंती आज पडक्या अवस्थेत उभ्या आहेत.

आपल्याकडचं नाण्यावरचं खूप जुनं जहाज मात्र शिशाचं आहे. सातवाहनांच्या या नाण्यांवर दोन डोलकाठ्या, त्यांना ताणलेले दोर आणि सुकाणूची वल्ही दिसतात, मागच्या बाजूला ‘उज्जैन’ चिन्ह. ती प्रामुख्यानं यज्ञ सातकर्णीची मानली जातात, काहींवर पुळुमावीचं नावही वाचलं गेलं आहे. शिसं म्हणजे किरकोळ व्यवहाराची मोड. जहाज राजाच्या खजिन्यात नव्हे, बाजारातल्या तळहातावर पोचलं होतं. ही नाणी सापडतात पूर्व किनाऱ्यावर, तेव्हा मुंबईच्या उपनगरांचा त्यांच्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. नाण्यांचा नाही, राजाचा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीत याच यज्ञ सातकर्णीच्या काळातले लेख आहेत, आणि कल्याण, सोपारा, चौल इथल्या दात्यांची नावंही तिथे कोरलेली आहेत. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी तिथल्याच 90 क्रमांकाच्या लेण्यात संकटातून तारणारा अवलोकितेश्वर घडवला गेला. त्या संकटांत जहाज बुडण्याचंही एक आहे. रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेलं की एक्सरचे वीरगळ. खालच्या पट्ट्यांत वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ गलबतं एकमेकांवर चाल करतात, वर पडलेले वीर अप्सरांच्या संगतीनं स्वर्गात पोचतात. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या तेराव्या शतकातल्या सागरी युद्धाशी त्यांचा संबंध एका मतानुसार लावला जातो. दगड कोरणाऱ्यानं गलबत दाखवलं आणि त्यावर मेलेली माणसंही दाखवली. बाताव्हियाच्या बाबतीत नेमकं तेच गळून पडतं.

म्हणून मुंबईच्या टांकसाळीनं जहाजाचं नाणं काढायचं ठरवलं तर ते सोन्याचं असू नये. 20 रुपयांचं, रोजच्या चलनातलं असावं. 27 मिलिमीटरच्या नाण्यावर एवढं गलबत मावेल का, ही शंका शिशाच्या नाण्यांनी आधीच निकालात काढली आहे. सोनं टिकतं, चलनातलं नाणं झिजतं, हा आक्षेप खरा आहे. पण टिकण्यासाठी सोनं बँकेच्या लॉकरमध्ये जातं, आणि तिथे त्याला बघणार कोण? दुसरा आक्षेप जास्त जड आहे: घाटकोपर-मुलुंडच्या भाजीवाल्यापुढेही आता क्यूआर कोडची पाटी असते, सुटे कोण बाळगतं? खरंय, नाण्यांची फिरती कमी झाली आहे. तरी चलनातलं नाणं न मागता हातात येतं. संग्राहकांसाठीचं नाणं दर्शनी मूल्याहून बरीच जास्त किंमत मोजून मागवावं लागतं. 2014 मध्ये कोमागाटा मारूच्या स्मरणार्थ सरकारनं 100 रुपयांच्या नाण्यासोबत 5 रुपयांचंही काढलं होतं, म्हणजे पायंडा आहेच. संग्राहकांची हौस भागवायला हवं तर त्याच साच्यातून थोडी चांदीची नाणी पाडावीत. चित्र मात्र एक्सरचं घ्यावं, वल्ह्यांसकट, आणि सालाखाली मुंबईच्या टांकसाळीची चौकटीची खूण आहेच.