करंजाचं तेल आणि बियांतली ओल

उन्हाळ्यात करंजाखाली शेंगांचा सडा पडतो. शेंग चपटी, कडक. लाकडी मोगरीने ठेचली की आत बहुधा एकच तांबूस बी. तिच्यात वजनाच्या साधारण ३० टक्के तेल. खेड्यापाड्यांत ते दिव्यात जळलं, खरजेवर लागलं. पेंड शेतात गेली. हे खाण्याचं तेल नव्हे, त्यामुळे त्याचं डिझेल केलं तर कुणाच्या ताटातलं काही कमी होत नाही.

तरीही २००३ मध्ये देशाने भरवसा ठेवला तो जट्रोफावर, म्हणजे आपल्या कुंपणावरच्या मोगली एरंडावर. नियोजन आयोगाच्या समितीने डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं सुचवलं आणि त्यासाठी एक कोटी हेक्टरहून जास्त लागवडीचा हिशेब मांडला. पडीक माळावर, पाण्यावाचून भरघोस बी मिळेल, हे गृहीतच चुकीचं होतं. मोगली एरंड दुष्काळात तगतो खरा, पण तगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. खात्रीचे वाणही हाताशी नव्हते. शेतकऱ्याची जमीन आणि वर्षं त्यात गेली, याचं दुःख व्हायलाच हवं. २०१८च्या धोरणात उद्दिष्ट खाली आलं: २०३०पर्यंत ५ टक्के.

करंजाची वाट संथ होती. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या आदिवासी गावात बचत गटाच्या बायकांनी करंज लावले. २००३ मध्येच जागतिक बँकेने १४७ टन कार्बन डायऑक्साइडच्या बचतीपोटी त्यांना ६४५ डॉलर दिले. रक्कम लहान, पण आधार झाडांचा होता.

झाड लावलं म्हणजे इंधन मिळालं असं मात्र नाही. बी ओली असतानाच पोत्यात भरली की तिच्यातली विकरं आणि बुरशी तेल फोडू लागतात, मुक्त स्निग्धाम्लं वाढतात. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून ते साधारण ६० अंशांवर ढवळतात. तळाशी ग्लिसरीन बसतं, वर इंधन राहतं. मुक्त आम्ल दोनेक टक्क्यांच्या वर गेलं की अल्कली त्याच्याशीच जुळून साबण होतो आणि ते दोन थर सुटेनासे होतात. मग आधी आम्ल वापरून तेल सुधारावं लागतं, खर्च वाढतो. उंडी या झाडाच्या तेलात मुक्त आम्लाचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपासही आढळलं आहे.

तयार झालेलं इंधनही हवेने बिघडतं. करंजाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल असतं, ते हवेला बऱ्यापैकी दाद देत नाही. लिनोलेइक मात्र कितीतरी पट वेगाने खराब होतं आणि मोगली एरंडात त्याचा वाटा मोठा. चाचणी सरळ आहे: नमुना ११० अंशांवर ठेवून त्यात हवा सोडायची आणि तो किती तास तग धरतो ते पाहायचं. युरोपीय मानक ८ तास मागतं, अमेरिकी ३. काही न मिसळलेलं जट्रोफाचं इंधन तीनेक तासांतच हात टेकतं. बिघडलेल्या इंधनाचा चिकटा फिल्टरमध्ये अडकतो. तांबं-पितळ हा बिघाड वेगाने वाढवतं, म्हणून साठवणीत पितळी तोट्या नकोत. टाकी सावलीत आणि शक्यतो भरलेली असावी. पायरोगॅलॉलसारखं ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य इंधन ताजं असतानाच त्यात मिसळावं.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र कारखान्याच्या आधीचा, खळ्यावरचा आहे. बी खरेदी करणाऱ्यांनी वजनाबरोबर तिची ओलही मोजावी आणि कडकडीत वाळलेल्या बीला जास्त भाव द्यावा.