अक्षरांतली शिडी

२०१४ च्या पावसाळ्यात एका मित्राच्या भयपटाचं पोस्टर मी केलं. तेव्हा आम्ही पुण्यात शिकत होतो. फिल्म बारा मिनिटांची, नाव ‘माळा’. सदाशिव पेठेतला वाडा, आजी जाऊन महिना झालाय आणि तिची ट्रंक रात्री माळ्यावर सरकते, एवढीच गोष्ट. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पोस्टरचे नऊ आराखडे झाले. ते सगळे मी अजून जपून ठेवलेत.

पहिले चार आज बघवत नाहीत. पांढरी साडी, तोंडावर आलेले केस, अक्षरांतून लाल ओघळ. थोडं जपानी ‘रिंगू’मधलं, थोडं रामसे बंधूंचं. रामसेंची पोस्टरं मला मनापासून आवडतात. ‘पुराना मंदिर’च्या (१९८४) पोस्टरला भर रस्त्यात, सायकलवरून जाणाऱ्या माणसाला थांबवायचं होतं; त्यातल्या राक्षसी सामरीचा भेसूर चेहरा पुढे आणणं तिथे योग्यच होतं. आमच्या फिल्ममध्ये मात्र भूत दिसतच नव्हतं. मित्र एवढंच म्हणाला, “अरे, ही बाई आपल्या फिल्ममध्ये आहे कुठे?”

मग ‘द एक्झॉर्सिस्ट’चं (१९७३) बिल गोल्ड यांनी केलेलं पोस्टर काढून बसलो. रस्त्यावरचा दिवा, बॅग घेऊन उभा असलेला पाद्री, वरच्या खिडकीतून पडणारा उजेड. झपाटलेली मुलगी त्यात नाहीच. भीती त्या खोलीत आहे आणि पाद्री अजून बाहेरच उभा आहे. आमची खोली म्हणजे माळा, आणि तिकडे जाणारी लाकडी शिडी. पाचव्या आराखड्यापासून बाई गेली, शिडी आली.

पण शिडीचा धड फोटोच नव्हता. शूटिंगच्या दिवसांत कुणी स्टिल्स काढले नव्हते. फिल्ममधली फ्रेम घ्यावी तर ती १९२० बाय १०८० पिक्सेलची. ३०० डीपीआयवर तिची नीट छपाई होते जेमतेम साडेसहा इंच रुंद. आम्हाला हवं होतं बारा बाय अठरा. पुन्हा वाड्यावर गेलो, तर घरमालकांनी शिडी काढून अंगणात उभी केलेली. आडोशाला, भर दुपारी, पावसाच्या उजेडात तिचे फोटो काढले आणि काळोख नंतर कॉम्प्युटरवर चढवला.

खरी गोष्ट सापडली ती अक्षरांत. तोवर नाव श्रीलिपीतल्या एका जाडजूड फॉन्टमध्ये खाली कुठेतरी टाकलेलं असायचं. एका रात्री ते हाताने लिहून पाहिलं. ‘मा’ काढताना ‘म’चा दंड आणि त्याच्या शेजारचा काना, अशा दोन उभ्या रेषा समोर आल्या. शिडीच की! दोन्ही रेषा खाली लांबवल्या, मध्ये पायऱ्या टाकल्या आणि ‘ळा’वरची शिरोरेषा मध्येच तोडून मोकळी सोडली, माळ्याच्या उघड्या तोंडासारखी. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव उभा केला, हे वर्गात ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला. देवनागरीत भयपटाचं नाव लिहिताना रक्ताचे ओघळ उसने आणावे लागत नाहीत. शिरोरेषा तुटली की वाचणाऱ्याचा डोळा आपोआप अडखळतो.

अप्पा बळवंत चौकाजवळून पहिली प्रिंट आणली तेव्हा पोटात गोळा आला. स्क्रीनवरचा निळसर काळोख कागदावर सपाट काळा झालेला, वरच्या तीन पायऱ्या गायब. फाइल मी आरजीबीतच पाठवली होती. सीएमवायकेत बदलून, सावल्या उजळून दुसरी प्रिंट मॅट कागदावर काढली, तेव्हा पायऱ्या दिसल्या. वरची शेवटची मी मुद्दामच काळोखात ठेवली.

नंतर ‘लपाछपी’ (२०१७) आला, भीती उसाच्या फडात घेऊन. पुढच्या वर्षी ‘तुंबाड’ पाऊस आणि वाडा घेऊन आला. दोन्ही पाहताना ती शिडी आठवत राहिली.

आज भयपट करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. शूटिंगच्या वेळापत्रकात पोस्टरच्या फोटोंसाठी अर्धा तास आजच लिहून ठेवा, आणि तो कॅमेऱ्याचं सामान आवरायच्या आधीचा असू द्या.