सातशे चाळीस माणसांचं प्लॅटिनम गाव

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटा शहरातून हायवे 54 धरून पश्चिमेला निघालं, की दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, मध्येच एखादं धान्याचं उंच कोठार आणि बाकी नुसतं आभाळ. सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर ग्रीन्सबर्ग लागतं. गावाबाहेर दहा पवनचक्क्या आहेत, प्रत्येकी 1.25 मेगावॉटच्या. त्या पुण्याच्या सुझलॉन कंपनीच्या आहेत. साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर जिच्या पवनचक्क्या फिरतात, तीच ही कंपनी. गावाला लागते त्याच्या कितीतरी पट वीज या दहा चक्क्या तयार करतात.

ग्रीन्सबर्ग हे कायोवा कौंटीचं मुख्य ठिकाण. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 740. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी गावसुद्धा म्हणणार नाही, वाडी म्हणतील. पण या वाडीतलं नगरपालिकेचं कार्यालय, शाळा, रुग्णालय, कलाकेंद्र, इतकंच काय, जॉन डिअरच्या ट्रॅक्टरचं दुकानसुद्धा ‘लीड प्लॅटिनम’ आहे. हरित इमारतींसाठी अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलकडून मिळणारा हा सर्वोच्च दर्जा. हडपसरमधल्या सुझलॉनच्या ‘वन अर्थ’ या मुख्यालयाला तो मिळाला, तेव्हा पुण्यात त्याचं केवढं कौतुक झालं होतं. गावाच्या नावातल्या ‘ग्रीन’चा मात्र या हिरवाईशी काही संबंध नाही, ग्रीन नावाचे एक गृहस्थ इथे घोडागाड्यांची सेवा चालवत, त्यांचं हे नाव.

या सगळ्याच्या आधी गावाची ओळख होती ती विहिरीमुळे. 1887-88मध्ये मजुरांनी कुदळ-फावड्यांनी खणलेली, 109 फूट खोल आणि 32 फूट रुंद, दगडी बांधणीची. 1932पर्यंत गाव तिचं पाणी प्यायलं. हाताने खणलेली जगातली सर्वांत मोठी विहीर, असा तिथला दावा. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिलेला माणूस त्यावर गालातल्या गालात हसेल, पण विहीर बघण्यासारखी आहे यात शंका नाही. जिन्याने आत उतरता येतं. विहिरीच्या संग्रहालयात जवळच्या ब्रेनहॅमच्या शिवारात सापडलेली सुमारे साडेचारशे किलोची एक उल्काही असायची.

4 मे 2007च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला टोर्नेडो जातीचं वादळ गावावरून गेलं. ताशी 330 किलोमीटर वेग आणि पावणेतीन किलोमीटर रुंदी. म्हणजे गाव लहान आणि वादळ मोठं. वादळं मोजण्याची नवी ‘ईएफ’ श्रेणी त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाली होती; तिच्यातलं सर्वांत वरचं, पाचव्या श्रेणीचं पहिलं वादळ हेच. वेळेवर इशारा मिळाल्याने बहुतेक लोक तळघरात जाऊन वाचले, तरी दहाहून अधिक जीव गेले. गावातल्या 95 टक्के इमारती जमीनदोस्त झाल्या. विहीर शाबूत राहिली. उल्का नंतर ढिगाऱ्याखाली सापडली.

पुढचे काही महिने गावाच्या सभा मोठ्या तंबूत भरत, कारण भिंती असलेली जागाच उरली नव्हती. हा मुलूख शेतकऱ्यांचा, जुन्या वळणाचा, रिपब्लिकन पक्षाला मत देणारा. ‘हरित’ म्हटलं, की शहरातल्या हौशी लोकांचं खूळ, असं मानणारे इथे पुष्कळ. तरीही गाव हरित पद्धतीने पुन्हा बांधणं त्यांना पटलं, कारण त्यांच्या आजोबा-पणजोबांनी वाऱ्यावरच पाणी उपसलं होतं आणि काही टाकून द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. गाव असंही ओसरतच होतं. 2000 साली वस्ती 1574 होती आणि तरुण मंडळी शिकून शहरात जात होती. पुन्हा बांधायचंच आहे, तर वीजबिल कमी येईल असं बांधू, हा साधा हिशेब होता.

डिसेंबर 2007मध्ये नगर परिषदेने ठराव केला: 4000 चौरस फुटांवरची प्रत्येक नगरपालिकेची इमारत लीड प्लॅटिनमच असेल आणि तिचा ऊर्जावापर नियमांपेक्षा 42 टक्क्यांनी कमी असेल. असा ठराव करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. यात एक शहाणपण होतं. सक्ती नगरपालिकेने स्वतःवर घेतली, लोकांच्या घरांवर लादली नाही. घर बांधणाऱ्याला अमेरिकी सरकारच्या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतले तज्ज्ञ आणि ‘ग्रीन्सबर्ग ग्रीनटाउन’ ही संस्था फुकट सल्ला देत. घ्यायचा की नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. पुष्कळांनी घेतला. तपासलेल्या नव्या घरांचा ऊर्जावापर सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघाला.

प्रमाणपत्र मिळवणं मात्र सोपं नसतं. त्या काळच्या नियमांत 69पैकी निदान 52 गुण मिळाले तरच प्लॅटिनम. जागा, पाणी, वीज, बांधकामाचं साहित्य, आतली हवा, प्रत्येकाचे वेगळे गुण. सुरुवातीलाच नोंदणी करायची, शुल्क भरायचं, वर्षभराच्या वीजवापराचं गणित संगणकावर मांडायचं. इमारत उभी राहिली, की यंत्रणा खरोखर ठरल्याप्रमाणे चालते का, हे त्रयस्थाकडून तपासून घ्यायचं. राडारोडा किती निघाला आणि त्यातला किती परत वापरला, याच्या पावत्यासुद्धा जपायच्या. नगरपालिकेच्या इमारतीत वादळात पडलेल्या इमारतींच्या विटा वापरल्या आहेत. त्या विटांना भावनेचं मोल होतंच, पण गुणही मिळाले.

सर्वांत आधी उभी राहिली ती ‘5.4.7 कलाकेंद्र’ ही छोटी इमारत. वादळाची तारीखच तिचं नाव. कॅन्सस विद्यापीठाच्या ‘स्टुडिओ 804’मधल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ती स्वतः हातोडे घेऊन बांधली. विद्यापीठ असलेल्या लॉरेन्स शहरात सात तुकड्यांत तयार केली, ट्रकवर चढवून ग्रीन्सबर्गला आणली आणि वादळाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी खुली केली. भिंतींचं लाकूड पाडून टाकलेल्या एका दारूगोळा कारखान्यातलं. त्यावर काचेचं आवरण, छतावर रोपं, समोर तीन छोट्या पवनचक्क्या, सौर पटलं आणि जमिनीखालच्या स्थिर तापमानावर चालणारी ऊब-गारव्याची यंत्रणा. राज्यातली ही पहिली प्लॅटिनम इमारत. मोठमोठे कॉर्पोरेट बिल्डर राहिले बाजूला, मान मिळाला विद्यार्थ्यांना.

पैसा कुठून आला? थोडा विम्याचा, थोडा आपत्ती निवारणासाठीचा सरकारी, थोडा कृषी खात्याच्या ग्रामीण विकास विभागाकडून कर्ज आणि अनुदानाच्या रूपात. पवनचक्क्यांचा प्रकल्प जॉन डिअरच्या ऊर्जा कंपनीने उभा केला. दुकानं गमावलेल्यांना स्वस्त भाड्याने गाळे देणारी प्लॅटिनम इमारत वेफर्सच्या ‘सनचिप्स’ ब्रँडच्या मदतीने उभी राहिली आणि तिला नावही त्याचंच मिळालं. अभिनेता लिओनार्दो डिकॅप्रिओ निर्माता असलेली गावावरची दूरचित्रवाणी मालिका 2008मध्ये सुरू झाली. 2009मध्ये अध्यक्ष ओबामांनी संसदेतल्या भाषणात गावाचा उल्लेख केला. अशी प्रसिद्धी दुसऱ्या कुठल्या छोट्या गावाच्या वाट्याला येणार? म्हणून ग्रीन्सबर्गचा निधी हा काही नमुना म्हणून घेता येत नाही. ठराव घेता येतो.

फायदा झाला का? अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने 13 इमारतींचा हिशेब मांडला, तर वर्षाला दोन लाख डॉलरची ऊर्जाबचत निघाली. हजाराच्या आतल्या वस्तीला ही रक्कम लहान नाही. पण माणसं परत आली नाहीत. 2010च्या जनगणनेत 777 उरली, पुढच्या दहा वर्षांत आणखी घटली. जुनी घरं स्वस्त होती, त्यांचा विमाही तेवढाच; त्या पैशात नवं घर उभं राहत नव्हतं. म्हातारी माणसं मुलांकडे गेली, ती तिथेच राहिली. कमी बिलाच्या इमारती गाव टिकवायला मदत करतात, रोजगार मात्र आणत नाहीत. हे गावकरीही जाणतात.

एक गोष्ट त्यांनी जपली: गाव जागेवरच बांधलं, त्याच रस्त्यांवर. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे गावंच्या गावं दूर माळावर सरळ रेषांत वसवली गेली. तिथल्या लोकांना जुन्या गल्ल्यांची आठवण अजून येते.

महाराष्ट्रातही हरित प्रमाणपत्राला भाव आहे, पण तो वेगळ्या चलनात. 2020च्या एकत्रित विकास नियमावलीत ‘गृह’ किंवा ‘आयजीबीसी’ या भारतीय हरित मानांकनांचा दर्जा मिळवणाऱ्या बांधकामाला दर्जानुसार 3, 5 आणि 7 टक्के जादा चटईक्षेत्र मिळतं. म्हणजे हिरवं बांधा आणि बक्षीस म्हणून आणखी बांधा. बिल्डरला हे लगेच कळतं. ग्रीन्सबर्गमध्ये बक्षीस मिळतं ते इमारत वापरणाऱ्याला, तेही दर महिन्याच्या बिलात. मला हीच रीत पटते. आपल्या नगरपालिकांनी निदान स्वतःच्या नव्या इमारतींपुरता असा ठराव करून पाहायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेलात आणि कॅन्ससमधून जाणं झालं, तर ग्रीन्सबर्गसाठी अर्धा दिवस पुरे. विहिरीचं 2012मध्ये उघडलेलं नवं संग्रहालय आधी पाहा, मग कलाकेंद्र आणि मुख्य रस्त्याकडेचे पावसाचं पाणी जिरवणारे हिरवे चर. सगळं पायी पाहून होतं. मे महिन्यात जाणार असाल, तर निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज तेवढा बघून घ्या.