खोकल्याचे बळ

मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला झालेली इजा लोकांच्या बोलण्यात हातापायांची इजा म्हणून ओळखली जाते, कारण घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात ते लुळे पडलेले हातपाय. परंतु असा माणूस किती जगेल आणि कसा जगेल हे पुष्कळ अंशी ठरते ते त्याच्या छातीवर आणि पोटावर, आणि त्यातही खोकल्यासारख्या अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियेवर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत अशा रुग्णांचा बळी प्रामुख्याने मूत्रमार्गाचा संसर्ग आणि अंथरुणात पडून होणाऱ्या पाठीच्या जखमा घेत असत. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, दर काही तासांनी कूस बदलण्याचा आणि मूत्राशय नियमित रिकामे करण्याचा कडक शिरस्ता घातला, आणि त्या शिस्तीचा जगभर प्रसार होत गेला तसतशी ही जुनी कारणे मागे पडून न्यूमोनिया पुढे आला. मान मोडलेल्या रुग्णाच्या बाबतीत आजही सर्वांत सावध राहावे लागते ते छातीत साठणाऱ्या कफापासून.

या दुखण्याला क्वाड्रिप्लेजिया किंवा टेट्राप्लेजिया म्हणतात, म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि मधले धड अशा सर्वांवर आलेला लकवा. मानेत सात मणके असतात आणि तेथून चेतातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. त्यांपैकी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जोडीतून मिळून जी चेता तयार होते ती छातीतून खाली उतरून श्वासपटलापर्यंत, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारख्या ताणलेल्या स्नायूपर्यंत पोचते, आणि शांत बसलेल्या माणसाच्या श्वासाचा मोठा भार हा एकटा स्नायू वाहतो. फासळ्यांमधल्या स्नायूंच्या चेता मात्र पाठीच्या बारा मणक्यांच्या पातळीवरून निघतात आणि पोटाच्या स्नायूंच्या मुख्यतः त्यांतल्याच खालच्या पातळ्यांवरून. इजा तिसऱ्या मणक्याच्या वर असेल तर श्वासपटलच थांबते आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवाचून पर्याय राहत नाही. इजा पाचव्या-सहाव्या मणक्याजवळ असेल, तर श्वासपटल चालू राहते पण फासळ्या आणि पोट दोन्ही निकामी होतात. म्हणजे हवा आत घेणारा मुख्य स्नायू शिल्लक राहतो आणि जोराने बाहेर फेकणारे जवळपास सगळे जातात. खोकला हे दुसऱ्या गटाचे काम असल्यामुळे श्वास चालू असलेला माणूसही खोकू शकत नाही, आणि ही गोष्ट घरच्यांना बहुधा फार उशिरा कळते.

त्यात आणखी एक भर पडते. श्वासनलिका रुंद ठेवणारे अनुकंपी चेतातंतू मज्जारज्जूतूनच खाली जातात, तर नलिका आकुंचित करणारी आणि कफ वाढवणारी व्हेगस चेता मेंदूतून थेट निघते आणि मानेच्या इजेतून सुटते; परिणामी इजा झाल्यावर पहिल्या दिवसांत कफ वाढतो, नलिका आवळतात, आणि तो कफ बाहेर काढण्याची ताकद त्याच वेळी गेलेली असते. जॅक्सन आणि ग्रूम्स यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मानेच्या वरच्या भागात, म्हणजे पहिल्या ते चौथ्या पातळीवर इजा झालेल्या रुग्णांपैकी ८४ टक्क्यांना आणि पाचव्या ते आठव्या पातळीच्या रुग्णांपैकी ६० टक्क्यांना श्वसनाची काही ना काही गुंतागुंत झाली होती.

हे सारे मलकापूरसारख्या गावात कसे घडते ते पाहू. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर घाटाखाली आहे: नळगंगेच्या काठचे, काळ्या जमिनीचे, कापसाचे आणि जिनिंगचे गाव, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे स्थानक आणि मुंबई-कोलकाता महामार्गावरचा वर्दळीचा थांबा. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर मोताळ्यावरून राजूर घाट चढावा लागतो. अकोला आणि जळगाव येथील वैद्यकीय महाविद्यालये विरुद्ध दिशांना आहेत. मान मोडण्याची कारणे अशा गावाच्या रोजच्या जगण्यातच असतात: विहिरीत किंवा झाडावरून पडणे, विजेच्या खांबावरून कोसळणे, भरलेल्या गाडीवरून घसरणे, डोक्यावर कापसाचे गाठोडे असताना तोल जाणे आणि महामार्ग. २९ जुलै २०२३ च्या पहाटे मलकापूरजवळ दोन खासगी बसगाड्यांची धडक होऊन प्रवासी दगावले, तेव्हा ती बातमी राज्यभर पोचली. अशा बातम्यांत मृतांचा आकडा येतो, जखमींचा येतो. पण जखमींपैकी कोणाची मान मोडली आणि तो पुढे कसा जगला, याची नोंद वर्तमानपत्रात कधी येत नाही.

अपघाताच्या जागी काय घडते यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. मणका मोडूनही मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसेल, तर माणसाला हातापायांना धरून जीपमध्ये कोंबताना मान वाकली की उरलेलेही जाऊ शकते. म्हणून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, चार माणसांनी मिळून फळीवर घ्यावे, हा धडा गावोगाव शिकवला जायला हवा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे आणि अशा वेळी तिची वाट पाहणे बहुधा हिताचे ठरते. पण रस्त्यावर जमलेल्या माणसांना थांबणे म्हणजे निर्दयपणा वाटतो, आणि त्यांच्या त्या घाईमागची माया खरी असते हेही मान्य करायला हवे.

श्वासाच्या बळाची कथा खरी सुरू होते ती मणका स्थिर करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर. माणूस खोल श्वास घेऊन जेवढी हवा बाहेर सोडू शकतो तिला व्हायटल कपॅसिटी म्हणतात. लेडसम आणि शार्प यांनी १९८१ साली दाखवून दिले की मानेच्या इजेनंतर पहिल्या आठवड्यात हे माप अपेक्षित आकड्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि त्यानंतर हळूहळू वाढत तीन महिन्यांच्या सुमारास जवळजवळ दुप्पट होते. या वाढीचे कारण मज्जारज्जू जुळणे हे बहुधा नसते. सुरुवातीला फासळ्यांमधले स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे श्वासपटल खाली ओढले गेले की पोट फुगते आणि छाती मात्र आत बसते, म्हणजे अर्धी मेहनत वाया जाते. पुढे त्याच निर्जीव स्नायूंत ताठरपणा येतो, छातीचा पिंजरा आत ओढला जाणे थांबते, मानेचे मदतनीस स्नायू बळकट होतात आणि श्वास पुरा पडू लागतो. म्हणून पहिले काही आठवडे म्हणजे निव्वळ टिकून राहण्याची लढाई असते, आणि ती जिंकली तर शरीर स्वतःहून थोडे पुढे येते, ही गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

मोठ्या रुग्णालयातून घरी परतल्यावर पहिली चूक होते ती मायेपोटीच. दमेकरी किंवा हृदयरोगी माणसाला उठवून बसवले की बरे वाटते, हा गावातल्या प्रत्येकाचा अनुभव असतो, म्हणून शेजारीपाजारीही तोच सल्ला देतात. परंतु मानेच्या इजेत नेमके उलट घडते. पोटाच्या स्नायूंत ताण नसल्यामुळे बसवल्यावर पोटातले अवयव पुढे आणि खाली घसरतात, श्वासपटलाचा घुमट सपाट होतो आणि सपाट झालेला स्नायू आणखी किती आकुंचन पावणार? आडवे असताना तेच अवयव घुमटाला वर ढकलून ठेवतात, त्यामुळे या रुग्णांचा श्वास आडवे असताना मोठा आणि बसल्यावर लहान होतो. म्हणून बसवताना पोटावर रुंद, लवचीक पट्टा बांधतात. एका पट्ट्याने बसण्याची मुदत वाढते, आवाज सुधारतो आणि रुग्ण जेवताना थकत नाही. पट्टा मात्र फासळ्यांवर सरकता कामा नये, आणि त्वचेला संवेदना नसल्यामुळे वळ पडला की नाही हे डोळ्यांनी पाहावे लागते.

खोकल्याची उणीव भरून काढण्याचे मुख्य साधन घरच्या माणसाचे हात हेच आहे. खोल श्वास घेतल्यावर रुग्ण खोकण्याचा प्रयत्न करतो, त्याच क्षणी मदतनीस आपले दोन्ही तळवे फासळ्यांच्या खाली ठेवून आत आणि वर असा झटका देतो. पोटाचे स्नायू जे काम करीत असत ते हातांनी करण्याची ही रीत. दोघांचे ताल जुळायला काही दिवस लागतात, जेवणानंतर लगेच हे करायचे नसते, मणका स्थिर असल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी लागते, आणि फिजिओथेरपिस्टने समोर उभे राहून शिकवल्याशिवाय ते कोणाला साधत नाही. खोकल्याचा वेग मोजता येतो, आणि तो मिनिटाला १६० लिटरहून कमी असेल तर कफ बाहेर पडण्याइतके बळ नाही, असे सामान्यपणे मानले जाते. त्याहूनही कमी ताकद असेल तेव्हा हातातल्या फुग्यासारख्या अंबू बॅगेने एकावर एक श्वास भरून मग तो सोडायला लावतात, किंवा यंत्राने हवा भरून लगेच ओढून घेतात. पोलिओच्या काळात, १९५१ साली, अमेरिकेतील डॉ. क्लॅरेन्स डेल यांनी जीभ आणि घसा यांच्या हालचालीने घोट-घोट हवा फुप्फुसांत ढकलण्याची एक युक्ती नोंदवली, तिला बेडकासारखा श्वास म्हणतात, आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या काही माणसांना काही मिनिटे यंत्राविना काढण्याचे धैर्य तिने दिले आहे.

उरलेल्या स्नायूंना घडवण्याचा मार्ग दुसरा. रुग्णालयांत तीन गोळ्या वर चढवण्याचे प्लॅस्टिकचे यंत्र सर्रास देतात. ते श्वास खोल घ्यायला शिकवते, मात्र ताकद वाढवत नाही, कारण त्यात फारसा विरोध नसतो. स्नायू बळकट होतो तो ओझे दिले की, म्हणून विशिष्ट दाब ओलांडल्यावरच हवा आत सोडणारी झडप असलेली नळी वापरतात, आणि रुग्णाच्या कमाल ताकदीच्या सुमारे ३० टक्के विरोधापासून सुरुवात करून आठवडे-महिने सराव करतात. बर्लोविट्झ आणि टॅम्प्लिन यांनी २०१३ साली घेतलेल्या आढाव्यात ११ अभ्यासांतील २१२ रुग्णांची माहिती तपासली गेली, आणि श्वासाच्या स्नायूंचा दाब तसेच व्हायटल कपॅसिटी यांत लहान पण खरी वाढ आढळली. ती वाढ किती टिकते याबद्दल पुरेसे पुरावे नाहीत, म्हणून सराव थांबवण्याचे कारणच नसते. ब्रुसेल्समधील आंद्रे दे त्रॉयर यांनी १९८६ साली एक अनपेक्षित गोष्ट दाखवली: अशा रुग्णांत हवा जोराने बाहेर टाकण्याचे काम छातीच्या वरच्या स्नायूचा गळपट्टीच्या हाडाजवळचा भाग करतो, ज्याची चेता मानेच्या पाचव्या ते सातव्या पातळीतून येते. पुढे त्याच गटाने सहा आठवड्यांचा हातांचा व्यायाम देऊन फुप्फुसात अडकून राहणारी हवा कमी झाल्याचे दाखवले. खांदे आणि हात थोडेसेही हलत असतील, तर त्यांचा व्यायाम हा श्वासाचाही व्यायाम असतो, हे यावरून कळते.

मेलबर्नमध्ये टॅम्प्लिन आणि सहकाऱ्यांनी २४ रुग्णांवर बारा आठवडे गाण्याचा प्रयोग केला. फुप्फुसांच्या मापात गाणाऱ्या आणि न गाणाऱ्या गटांत मोठा फरक सिद्ध झाला नाही, पण गाणाऱ्यांचा आवाज मोठा झाला आणि स्वर लांबवण्याची क्षमता वाढली. मलकापूरच्या आसपास हा निष्कर्ष कोणाला परका वाटण्याचे कारण नाही. एका बाजूला शेगाव, दुसऱ्या बाजूला मुक्ताईनगर, आणि मध्ये रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी घरे. ओळीचा शेवट एका श्वासात गाठणे, पुढच्या ओळीसाठी घाईने श्वास भरणे, टाळाच्या ठेक्यावर इतरांसोबत टिकून राहणे, यांत प्रयोगशाळेत शिकवण्यासारखे बरेच आहे, आणि लोकांपासून तुटलेला माणूस त्या निमित्ताने लोकांत बसतो हा लाभ कोणत्याही मापात मावत नाही. चाकाची खुर्ची सहज आत जाईल असा उतार सभामंडपाला नसतो, एवढीच खरी अडचण.

घाटाखालच्या उन्हाळ्याचा धोकाही ध्यानात ठेवावा लागतो. मान मोडलेल्या शरीराला इजेच्या खाली घाम येत नाही आणि अंग निववण्याचे बरेचसे मार्ग बंद होतात. मे महिन्यात पत्र्याखाली झोपवलेल्या माणसाचे अंग तापते, ते पाहून घरचे आजार शोधत बसतात. लघवी वारंवार काढण्याची दगदग टाळण्यासाठी पाणी कमी प्यायले तर कफ चिकट होतो आणि खोकल्याची लढाई हरली जाते. जिनिंगच्या दिवसांत उडणारी कापसाची धूळ आणि दिवाळीतला फटाक्यांचा धूर हे दोन्ही या छातीला जड जातात, म्हणून त्या दिवसांत रुग्णाची खोली बंद ठेवणे आणि कफ काढण्याची पाळी वाढवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

महाराष्ट्रात या विषयाचे ज्ञान आहे, आणि ते अनेक वर्षांचे आहे. मुंबईत हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून काम करते. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून जखमी जवानांना सांभाळते. मुंबईचे नीना फाउंडेशन मज्जारज्जूच्या रुग्णांना आधार देते. १९६५ च्या युद्धात मणक्याला गोळी लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर पोहण्याच्या सरावातून वर आले आणि १९७२ साली त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचा लकवा कमरेखालचा असल्याने मानेच्या रुग्णाने त्यांच्याशी तुलना करू नये, पण पाण्यातला व्यायाम श्वासाला काय देतो याची साक्ष त्यांच्याकडे आहे. ही सारी केंद्रे मलकापूरपासून रात्रभराच्या रेल्वेप्रवासाइतकी दूर आहेत. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण रेल्वेने घरी येतो, आणि त्याच्याबरोबर कफ काढण्याची रीत, पट्टा बांधण्याचे शिक्षण आणि कोणाला फोन करायचा याचा पत्ता हे तिन्ही येत नाहीत. त्यांची उणीव पहिल्याच पावसाळ्यात, पहिल्याच सर्दीत जाणवते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि राज्यात २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही स्थापन झाला. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट आणि एक अंबू बॅग असेल, आणि तो फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा रुग्णाच्या घरी जाऊन घरच्या दोन माणसांना हातांनी खोकल्याला बळ देण्याची रीत शिकवत असेल, तर मलकापुरातल्या रुग्णावर अकोल्याच्या अतिदक्षता विभागात परत जाण्याची वेळ कमी येईल. माणसे दोन हवीत, कारण त्यांपैकी एक झोपलेला असतो तेव्हा दुसऱ्याने रात्री दोन वाजता उठून तळवे फासळ्यांखाली ठेवायचे असतात.